आंधळा टाका

उखामामांनी नवापूरकडून गवत आणलं, टेम्पोतून उतरवून घेतलं, वळचणीखाली पेंढ्यांची रास लावली, पाणी प्यायले, तंबाखूही मळून झाली, तरी वर कोण बसणार आणि आत कोण, हा विषय काही कोणी काढेना.

जो तो त्या विषयाला वळसा घालून कामात होता. विजयच्या बायकोने, सुधाने, चहा केला, दीपकच्या अश्विनीने तो वाटला. दीपक शिडी लावत होता, काढत होता आणि पुन्हा तिथेच लावत होता. विजय अंगणातल्या कडुलिंबाखाली उभा राहून छपरावरच्या निळ्या ताडपत्रीकडे बघत होता, जणू ती त्याला आजच दिसली. खरं तर उत्तरेच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या त्या बाजूच्या उतारावर, ती तीन पावसाळे पडून होती. उन्हाने तिचा रंग उडाला होता, कडांच्या चिंध्या झाल्या होत्या, आणि वारा आला की ती फडफडायची.

गवताचं छप्पर एकट्याने शाकारता येत नाही. वरचा माणूस पेंढ्या पसरतो, त्यांवर आडवी काठी दाबतो आणि हातभर लांब बांबूची सुई दोरीसकट गवतातून खाली खुपसतो. आतला माणूस ती दोरी आतल्या कांबेभोवती, म्हणजे वाशांना बांधलेल्या आडव्या बांबूभोवती, फिरवतो आणि सुई परत वर पाठवतो. मग वरचा ओढतो. वरच्याचं 'घे', आतल्याचं 'दे' आणि 'ओढ', एवढ्या शब्दांवर अख्खं छप्पर होतं. मधे वीतभर जाड गवत असतं, त्यामुळे दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. आतल्याने कंटाळून किंवा विसरून दोरी कांबेभोवती नेलीच नाही आणि सुई तशीच वर पाठवली, तर वरच्याला पत्ता लागत नाही. टाका घट्ट बसल्यासारखा वाटतो. पुढे कधीतरी जोराचा पाऊस येतो आणि सबंध पट्टा घसरून खाली येतो. अशा टाक्याला विजय-दीपकचे वडील सुकदेव बोरसे, म्हणजे आबा, आंधळा टाका म्हणायचे.

बोरशांच्या घरात वर दीपक आणि आत विजय हे पोरवयापासून ठरलेलं होतं. विजय थोरला, पण उंचीला घाबरायचा. बँकेत तिसऱ्या मजल्यावर बदली झाली तेव्हा त्याने खिडकीपासून लांबची खुर्ची मागून घेतली होती, आणि साहेब झाल्यावरही ती सोडली नव्हती. दीपक मात्र माकडासारखा वर चढायचा. आबा खाली उभे राहून दोघांनाही शिव्या द्यायचे, आणि संध्याकाळी छप्पर पुरं झालं की दोघांना एकाच ताटात जेवायला बसवायचे.

मग ते वर्ष आलं. आषाढात भर दुपारी उत्तरेचं पाखं घसरलं आणि आबांनी कोणाची वाट बघितली नाही. ते भिजत एकटेच वर चढले आणि कांबी मोडून आत कोसळले. कंबरेचं हाड गेलं. दिवाळीपर्यंतचे दिवस त्यांनी खाटेवर काढले आणि गेले. तेराव्याला, खानदेशातून आलेले पाहुणे पंगतीत बसलेले असताना, दीपक हातातलं वरणाचं भांडं खाली ठेवून म्हणाला, "आत बसलेल्याने आंधळा टाका मारला, म्हणून माझा बाप पडला."

 विजय कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? शाकारणीच्या त्या दिवशी बँकेतून सारखा फोन येत होता, कोणत्या तरी लॉकरची किल्ली सापडत नव्हती. खांद्याने फोन कानाशी दाबून त्याने कितीतरी टाके घातले होते. आपण दोरी कांबेभोवती नेली की नाही, हे त्याचं त्यालाच आठवत नव्हतं. तेव्हापासून रात्री दिवा मालवला की तो ते टाके मनात पुन्हा पुन्हा घालायचा, आणि दर वेळी मधेच कुठेतरी हात थांबायचा.

दोघा भावांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. त्यांची आई इंदुबाई बमरोलीला दीपककडे राहायची, सणासुदीला विजयकडे यायच्या, आणि दोन्हीकडे पाहुण्यासारख्या पलंगाच्या कडेवर बसायच्या. या चैत्रात मात्र त्यांनी गाठोडं बांधलं. सचिन गावाच्या पलीकडचं आपलं घर शाकारून द्या, मी तिथे राहायला जाते, नाही दिलंत तर तशीच ताडपत्रीखाली जाऊन राहीन, असा निरोप त्यांनी दोन्ही पोरांना दिला. ऊसतोडीला आलेल्या सुकदेवांनी मालकाकडून मिळवलेला तो जमिनीचा तुकडा, त्यावरचं ते घर. इंदुबाईंना तिथेच डोळे मिटायचे होते, त्यात त्यांचं काय चुकलं?

विजयला स्वतःला आज एकच गोष्ट हवी होती. दीपकने त्याला एकदा, नुसतं एकदा, दादा म्हणून हाक मारायला हवी होती. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तो ताडपत्रीकडे बघत उभा होता.

शेवटी विषय दीपकनेच काढला, पण मामांकडे बघून. "मामा, मी वर चढतो. आत अश्विनी बसेल. तिला शिकवलंय मी."

अश्विनी कपबशा विसळत होती. तिने मान वर केली नाही. "मी नाही बसणार."

"का? जमतं की तुला."

"जमतं. पण नाही बसणार." तिने कप उपडा ठेवला. "दादांना हे विचार, दादांना ते सांग, माय कधी येणार म्हणावं. तीन वर्षं मी तुमचा टपाल खात्याचा धंदा करतेय. आता गवतातून पण मीच का?"

मामा खोकल्यासारखं करून हसले. दीपकचे कान लाल झाले. बायको सगळ्यांसमोर उलटली, आणि तीही विजयच्या बाजूने, हे त्याला नवीन होतं. पण विजयच्या बाजूने बोलायला जिने पुढे यायचं ती सुधा भलत्याच वाटेला गेली.

"मी सांगू का? पत्रे टाका," ती पदर खोचत म्हणाली. "दिवसभरात काम होईल. कोणी वर नको, कोणी आत नको. आमच्या सोसायटीतल्या कांतिभाईंचा माणूस आहे, उद्या येईल. उगाच उद्या कुठे गळालं तर पुन्हा यांचंच नाव."

"सुधा," विजय म्हणाला.

"काय सुधा? खोटं बोलतेय का मी? एकदा ऐकून घेतलं, तेराव्याच्या पंगतीत. दुसऱ्यांदा मी नाही ऐकणार."

 पलीकडच्या उसाच्या शेतात पाण्याची मोटर चालू होती. मग घरातून इंदुबाई बाहेर आल्या. हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले.

"माले पत्रा नको," त्या आपल्या खानदेशी बोलीत म्हणाल्या. "पत्रा खाले जीव उकडस. दीपकना घर पत्रा शे, इजयना घर स्लॅब शे. दोन्ही देखी लिधं मी." त्यांनी भावाकडे पाहिलं. "उखा, कोन कोठे बसस?"

मामांनी तंबाखू तोंडात टाकली. हे काम आपल्यावर येणार हे त्यांना टेम्पोत बसतानाच ठाऊक असावं. "वर दीपक, खाले इजय. जसं व्हतं तसंच. नही तर मी गवत परत लई जास."

"परत कुठे नेता मामा, टेम्पो तर गेला," दीपक म्हणाला.

"डोकावर लई जासू," मामा म्हणाले, आणि पहिली पेंढी उचलून खरंच डोक्यावर ठेवली. ऐंशीच्या घरातला तो वाळका माणूस पेंढीखाली असा काही दिसत होता, की अश्विनीला हसू आवरेना. सुधाही तोंड फिरवून हसली. दीपकने मामांच्या डोक्यावरची पेंढी काढून घेतली आणि काही न बोलता शिडी चढू लागला.

दोरीवरून पुन्हा थोडी खडाखडी झाली. मामांनी काथ्याचा सुंभ आणला होता. दीपकने तो काम करायचा त्या मिलमधल्या वाया गेलेल्या पॉलिस्टरच्या धाग्याची जांभळी दोरी वळून आणली होती, मागच्या वेळेसारखीच. "सुंभ दोन-तीन पावसात सडतो मामा, ही सात जन्म सडत नाही," तो वरून म्हणाला. मामांचं म्हणणं, ही सटकते. यावर सुधा चक्क दीपकच्या बाजूने बोलली, सडत नाही हे खरं आहे म्हणाली. मामांनी दोघांकडे रागाने बघितलं आणि सुंभ बाजूला ठेवला.

विजय आत गेला. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागला. कोपऱ्यात इंदुबाई तीन दगड मांडून चिखलाने लिंपत होत्या. शेजारी ओट्यावर गॅसची शेगडी तशीच होती, धुळीने माखलेली.

ताडपत्री सरकली आणि भोकातून उजेड आत पडला. दीपकने वरून वाकून पाहिलं, पण विजयकडे नाही, आईकडे. "माय, ही चूल कशाला? गॅस आहे ना?"

"शे ना. राहू दे."

"डोळ्यांचं काय सांगितलं होतं डॉक्टरांनी? म्हणून तर जुनी चूल मी या हातांनी फोडली. गॅस आणला त्या दिवशी तू रडली होतीस, आठवतं?"

"आठवस," इंदुबाई म्हणाल्या. "चूलवरनी भाकर खावानी शे माले. एक रोज."

दीपक पुटपुटत मागे सरकला. त्याच्या आवाजात कौतुक होतं, आईचं नाही, स्वतःचं. आणि ते चुकीचंही नव्हतं. भावांमध्ये आईच्या डोळ्यांतून धूर काढला तो त्यानेच, विजयला ते सुचलं नव्हतं.

आतून काम सुरू झालं. मोडक्या कांबी विजयने ओढून काढल्या. त्या आबांच्या वजनाने मोडल्या असं सगळ्यांनी तेव्हाच धरलं होतं, आणि त्यांच्याकडे कोणी नीट बघितलं नव्हतं. विजयनेही आता बघितलं नाही, भराभर काढून दाराबाहेर टाकल्या. मामांनी नव्या कांबी आत सरकवल्या, त्या वाशांना बांधल्या. मग खालून, वळचणीपासून, पेंढ्यांची पहिली ओळ लागली, आणि विजयच्या डोळ्यांसमोरचा उजेड एका ओळीने कमी झाला.

सुई आली. टोक गवतातून बाहेर पडलं आणि थांबलं. वरून 'घे' आलं नाही. टकटक झाली. दीपक काठीने ठोकत होता. विजयने दोरी कांबेभोवती नेली, दोनदा फिरवली, आबांनी शिकवली होती तशी, आणि सुई परत लावून 'दे' म्हणायच्या ऐवजी त्यानेही खालून कांबेवर बोट वाजवलं. टकटक. दोरी वर गेली, ताणली गेली.

एक ओळ अशीच झाली. ठोकायचं आणि ठोकायचं.

बाहेरून मामा ओरडले, "सुतार लागना का काय घरमा? तोंडे शिवी लिधी का? बोला ना!"

दुसऱ्या ओळीला वरून आवाज आला, "घे." 

"दे," विजय म्हणाला. आणि मग, दोरी गेल्यावर, "ओढ."

 गवताची कुसळं मानेत टोचत होती, घामाने चष्मा घसरत होता, आणि तो मनाशी म्हणत होता, कांबेभोवती, कांबेभोवती, दोनदा. एकही टाका आज चुकू द्यायचा नव्हता. फोन त्याने सुधाकडे देऊन टाकला होता.

ओळी चढत गेल्या. तिसऱ्या-चौथ्या ओळीला दीपक म्हणाला, "थोडी डावीकडे." मग म्हणाला, "तिकडे वासा आहे, सांभाळून." मग बराच वेळ नुसतं घे, दे, ओढ. जेवणाच्या वेळेला अश्विनीने हाक मारली, तर दीपक वरूनच म्हणाला, "ही ओळ होऊ दे." विजयही आतून म्हणाला, "ही ओळ होऊ दे." दोघांचं एकाच वेळी म्हणून झालं. बाहेर दोघी जावांनी एकमेकींकडे बघितलं असणार, कारण त्यानंतर बराच वेळ कोणी हाक मारली नाही.

"आबांना हा वास आवडायचा," वरून आवाज आला. "नव्या गवताचा."

"हो," विजय म्हणाला. "त्या दिवशी रात्री बाहेर झोपायचे नाहीत. आत झोपायचे."

"घे."

आढ्याजवळ पोचल्यावर विजयला स्टूल सरकवावं लागलं. तिथे, जुनं छप्पर जिथे शाबूत होतं त्याच्या कडेला, वाशामागे जुन्या कांबेचा एक तुकडा लोंबत होता. नवी कांब नीट बसावी म्हणून त्याने तो ओढला. तुकडा हातात आला, आणि त्यासोबत जांभळी दोरीही.

त्याने तो डोळ्यांजवळ धरला. दोरी कांबेभोवती होती. दोनदा फिरवलेली, आबांच्या पद्धतीने. फोन कानाशी होता, चित्त लॉकरपाशी होतं, पण हातांनी त्यांचं काम चोख केलं होतं. त्याने घाईघाईने शेजारी चाचपलं. आणखी एक टाका, तोही कांबेभोवती. आणखी एक. त्याचा एकही टाका आंधळा नव्हता.

 तीन वर्षं रात्री ज्या टाक्यापाशी हात थांबायचा तो टाका त्याच्या हातात होता, धडधाकट. त्याला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. सुधाला बोलवावं, मामांना बोलवावं, पंगतीत बसलेल्या त्या सगळ्या पाहुण्यांना खानदेशातून पुन्हा बोलवावं.

मग छप्पर घसरलं कसं?

त्याने तुकडा चिमटीत दाबला. बांबू पापडासारखा फुटला आणि पिवळं पीठ त्याच्या मनगटावरून खाली सांडलं. भुंग्याने आतून सगळा खाल्ला होता. वरून नुसती साल उरली होती, आणि गवताचा भार आला तशी ती दोरीखालीच चिरडली होती. विजयने मान वळवून पूर्वेच्या पाख्याकडे बघितलं. तिकडच्या कांबी याच्या दुप्पट जुन्या, आबांनी घातलेल्या, चुलीच्या धुराने काळ्या आणि चकचकीत झालेल्या. त्यांना एक भोक नव्हतं. उत्तरेच्या कांबी आबांनी नव्याने घातल्या त्या दीपकने गॅस आणला त्या वर्षी. त्यांना धूर कधी लागलाच नाही. त्या शेवटपर्यंत पिवळ्याच राहिल्या.

आबा नेहमी म्हणायचे, घरात चूल पेटते तोवर छप्पर टिकतं. तेव्हा पोरांना ते म्हाताऱ्याचं बोलणं वाटायचं.

"दादा."

विजय स्टुलावर तसाच उभा राहिला. आवाज अगदी डोक्यावरून, गवतातून आला होता.

"दादा, ऐकतोस ना?"

"हो."

"तेराव्याला मी बोललो ते..." वर गवत सरकल्याचा आवाज झाला. दीपक बसला असावा. "सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. टाका कोणाचाही चुकतो. तू काय मुद्दाम केलंस? मला नंतर झोप लागायची नाही. मशीन चालू असते ना, आठ तास एकटा उभा असतो, तेच डोक्यात फिरत राहायचं. दादाला बोललो, दादाला बोललो. जाऊ दे आता. माफ केलं म्हणणार नाही मी, लहान आहे तुझ्यापेक्षा. पण जाऊ दे."

विजयने तोंड उघडलं. हातातल्या तुकड्यातून पीठ अजून गळत होतं. टाका चुकला नव्हता दीपक, एवढंच म्हणायचं होतं. पुढचं दीपक स्वतःच विचारणार होता, आणि कांब हातात घेतल्यावर त्याला उत्तर द्यायचीही गरज पडणार नव्हती; चूल त्याच्याच हातांनी फुटली होती.

खाली बघितलं तर इंदुबाई त्याच्याकडे बघत होत्या. चूल लिंपून झाली होती. त्या मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांची नजर त्याच्या हातावर होती. हे काय आहे असं त्यांनी विचारलं नाही. तेच विजयला खटकलं. तो हळूच स्टुलावरून उतरला आणि त्यांच्याजवळ उकिडवा बसला.

"माय," तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"रोज सकायले पीठ झाडत व्हतू मी," इंदुबाई म्हणाल्या. "तुन्हा बापले सांगं व्हतं. तो म्हने, पाऊसनंतर बदलसूत."

"मग मला का बोलली नाहीस? तीन वर्षं मी..." त्याचा आवाज चढू लागला, तो त्याने आवरला. त्याला रडू येत होतं की राग, त्यालाच कळेना. दोन्ही येत होतं. आपली आई आपल्या नावावरचा कलंक रोज बघत होती आणि दोन घरांत पाहुण्यासारखी बसून चहा पीत होती. "माय, मी पण तुझाच ना?"

इंदुबाईंनी चिखलाचा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. "तू चार लोकसमा बसस. तुन्ही बायको तुन्हासाठी भांडस. तो दिवसभर एकलाच मशीनसमोर उभा ऱ्हास. हाई डोकामा लईसन त्यानी काय करतं?" त्या थांबल्या. "तुले सोसी, असं वाटनं माले. चुकनं व्हई."

 सोसलं होतं हे खरं, पण कोणी विचारून सोसायला दिलं नव्हतं. आत्ता, या घटकेला, दारात जाऊन एक हाक मारली असती तर तीन वर्षं परत आली असती. निदान त्याच्या वाट्याची तरी.

गवतातून सुई आली. त्याने मघाशी बसवलेल्या नव्या कांबेशेजारी टोक बाहेर पडलं आणि जरा वेळ वाट बघून वरखाली हललं.

"घे ना दादा," दीपक वरून म्हणाला. "का आत झोप काढतोस? साहेबलोकांची झोपायची वेळ झाली वाटतं." तीन वर्षांत पहिल्यांदाच तो चेष्टा करत होता, आणि ती करताना त्याचा आवाज किंचित घाबरला होता, दादा हसेल की नाही म्हणून.

विजय उठला. स्टुलावर चढला. सुई घेतली, दोरी नव्या कांबेभोवती दोनदा फिरवली, गाठ चाचपली. "दे," तो म्हणाला. "ओढ."

आढ्यापर्यंतचे उरलेले टाके पटापट झाले. शेवटच्या पेंढीने उजेडाचा शेवटचा पट्टाही बुजला आणि आत पूर्वीसारखा गार अंधार झाला. दीपक वरून थापीने गवताची टोकं सारखी करू लागला. विजय चुलीपाशी येऊन बसला आणि त्या जुन्या तुकड्यांवरच्या गाठी सोडू लागला. आपणच घातलेल्या, चांगल्या बसलेल्या गाठी सोडायला त्याला बराच वेळ लागला. नखं दुखली. दोरी तशीच ठेवून तुकडे जाळले असते, तर पॉलिस्टरच्या वासाने दीपक वरून उडी मारून आत आला असता. तो वास त्याला झोपेतही ओळखता आला असता. दोऱ्या विजयने खिशात कोंबल्या. धुण्याआधी सुधा खिसे तपासते, तेव्हा घरी गेल्यावर त्यांचं काहीतरी करावं लागणार होतं. तिला काय सांगणार होता? ती एकटी त्याच्यासाठी आज अंगणात सगळ्यांसमोर भांडली होती. तिलाही आता काही सांगता येणार नव्हतं, आणि याचंच त्याला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

दाराबाहेर टाकलेल्या मोडक्या कांबीही त्याने उचलून आणल्या. इंदुबाईंनी काडी पेटवली. भुंग्याने खाल्लेला बांबू चुरचुरत चटकन पेटला. धूर आधी चुलीभोवती घुटमळला, मग उठला आणि नव्या, पिवळ्या कांबींमध्ये शिरला. बाहेरून अश्विनी म्हणाली, "आई, जपून हं, गवत आहे." इंदुबाईंनी जाळ कमी केला आणि परातीत पीठ घेतलं.

वरून खोकल्याचा आवाज आला. "एक रोज म्हणजे एकच रोज हं माय," दीपक म्हणाला.

"देखू," इंदुबाई म्हणाल्या.

मामा घराला फेरी मारून, वळचण हाताने दाबून बघून आले होते. दारात टेकून त्यांनी मान डोलावली. सुधा ताटं घेऊन आत येत होती. तेवढ्यात छपरावरून पुन्हा हाक आली.

"दादा! खरं सांग, आंधळा टाका नाही ना मारलास कुठे?"

सुधा दारातच थबकली. अश्विनीचा हात घागरीवर राहिला. मामांनी तंबाखू चघळायची थांबवली. सगळे विजयकडे बघत होते, आणि वर तो एकटा, उत्तराची वाट बघत असणार.

विजयने वर बघितलं. गवताखेरीज काही दिसत नव्हतं.

"या खेपेला नाही," तो म्हणाला.

वर दीपक हसला. असा हसला की छप्पर हललं आणि कुसळं खाली पडली. मामा हसले, अश्विनी हसली. सुधाने नवऱ्याकडे रोखून बघितलं, पण तोही हसतोय हे पाहून तिनेही सोडून दिलं.

इंदुबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी जळता तुकडा चुलीत आणखी आत सारला, तव्यावरची पहिली भाकर काढली आणि ती कोणाच्या ताटात न वाढता तशीच विजयच्या हातात दिली. भाकर फार गरम होती. तो ती या हातातून त्या हातात करत बसला.